बातमीदारांची चौकट आणि अक्षीचा शिलालेख: एका छोट्या संकेतस्थळाचा, एका चुकीचा इतिहास

१/
आजच्या धाग्यात किल्ला नाही, लढाई नाही, बखरही नाही. संकेतस्थळे उभारण्याच्या 'जँगो' नावाच्या एका साधनाचा इतिहास आज पाहायचा आहे. हे साधन शिकण्यासाठी मी बारा कोरीव लेखांचे एक छोटे संकेतस्थळ उभारले आणि त्या खटाटोपात माझ्या हातून इतिहासाची एक चूक घडली. ती कशी घडली, हेही सांगायचे आहे. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
गेल्या १ जानेवारीला सकाळी एका इतिहासप्रेमी गटावर दिनविशेषाचे चित्र आले. मागे अक्षीच्या शिळेचे छायाचित्र आणि त्यावर ठळक अक्षरांत मजकूर होता: आजच्याच दिवशी, १ जानेवारी १०१२ रोजी, मराठीतील हा आद्य शिलालेख कोरला गेला. खाली आधार म्हणून एका संकेतस्थळाचे नाव दिलेले होते. ते संकेतस्थळ माझे होते.

३/
शक मोजणाऱ्या अकराव्या शतकातील कोकणाच्या '१ जानेवारी' हा दिवस गावीही नव्हता. शिळेवर तो अर्थातच नाही. तो मी लिहिला होता. चित्र करणारा आमच्याच विभागातील एक कनिष्ठ विद्यार्थी. माझ्यावर विश्वास ठेवला, एवढाच त्याचा दोष. ही तारीख आली कोठून, याचा माग काढताना मी २००३ सालच्या अमेरिकेतील एका वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन पोहोचले. तेथे जाण्याआधी मात्र थोडे मागे जाऊ.

४/
मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेत एक प्रस्ताव मांडला. संस्थेत जगभरातून शास्त्रज्ञ येत आणि जात. कोणते काम कोठे नोंदले आहे, हे शोधणे दुरापास्त झाले होते. त्यावर उपाय म्हणून परस्परांशी जोडलेल्या पानांची ही कल्पना होती. १९९० च्या अखेरीस एका नेक्स्ट संगणकावर पहिला वेब-सर्व्हर आणि पहिला ब्राउझर चालू झाला. जगातील पहिल्या संकेतस्थळाचा विषय होता: हे वेब म्हणजे काय आणि ते कसे वापरावे. आरंभच शिकवण्यासाठी उभारलेल्या एका छोट्या संकेतस्थळाने झाला.

५/
ही पाने लिहून ठेवलेली, स्थिर होती. वाचकागणिक बदलणारे पान हवे असेल, तर सर्व्हरवर एखादा कार्यक्रम चालवावा लागे. १९९४ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी अशी काही छोटी साधने लिहिली. आपल्या पानावरील स्वतःचा परिचय-वृत्तान्त किती जण पाहतात, एवढेच त्यांना मोजायचे होते. १९९५ मध्ये त्यांनी ती सर्वांना खुली केली आणि नाव ठेवले 'पर्सनल होम पेज टूल्स'. आज 'पीएचपी' म्हणून ओळखली जाणारी भाषा ती हीच.

६/
संकेतस्थळे वाढली, तसे एक लक्षात येऊ लागले. विषय कोणताही असो, काही कामे सर्वत्र तीच असतात. डेटाबेसमधून नोंदी काढायच्या, त्या पानाच्या साच्यात ओतायच्या, कोणत्या पत्त्यावर कोणते पान दाखवायचे ते ठरवायचे, अर्जात भरलेली माहिती तपासायची, कोणाला आत सोडायचे ते पाहायचे. ही सामायिक कामे एकदाच नीट करून ठेवलेली चौकट म्हणजे फ्रेमवर्क. घर आपले आपण बांधायचे. जोते, खांब आणि तुळया तयार मिळतात.

७/
अशा चौकटी बहुधा आधी एखादे खरे संकेतस्थळ उभारताना जन्मतात. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी 'बेसकॅम्प' हे कामकाजाच्या नियोजनाचे संकेतस्थळ उभारले आणि त्यातील सर्वत्र चालेल असा भाग वेगळा काढून जुलै २००४ मध्ये 'रुबी ऑन रेल्स' या नावाने प्रसिद्ध केला. जँगोची कथाही याच वळणाची आहे, पण तिचे जन्मस्थान अधिक बोलके आहे.

८/
कॅन्सस राज्यातील लॉरेन्स हे विद्यापीठाचे गाव. तेथील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वृत्तपत्राच्या वेब-विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोघे काम करत होते. विलिसन तेव्हा इंग्लंडहून वर्षभराच्या कामासाठी आलेले विद्यार्थी होते. पीएचपीला कंटाळून दोघांनी पायथन ही भाषा हाती घेतली. फ्रेमवर्क निर्माण करायचे, असा त्यांचा संकल्प नव्हता. वृत्तपत्राची पाने वेळेत उभी राहावीत, एवढेच पाहायचे होते.

९/
वृत्तपत्राच्या कचेरीत वेळेचे गणित निष्ठुर असते. सकाळी कल्पना सुचते आणि संध्याकाळी पान लागायला हवे असते. शिवाय मजकूर भरणारी माणसे बातमीदार आणि संपादक. त्यांना कोड लिहिता येत नाही. म्हणून नोंदींचे रकाने एकदा सांगितले, की माहिती भरण्याचे तयार पान आपोआप उभे करून देणारी सोय या चौकटीत आली. 'अ‍ॅडमिन' या नावाने ती आजही जँगोची ओळख आहे.

१०/
पुढे जेकब कॅप्लान-मॉस या कामात सामील झाले आणि जुलै २००५ मध्ये वृत्तपत्राच्या संमतीने ही चौकट मुक्त परवान्यावर जगाला मिळाली. नाव दिले जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे. १९२८ साली आगीत भाजल्यामुळे त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी वादनाची स्वतंत्र शैली घडवली. २००८ मध्ये जँगोची १.० ही आवृत्ती आली आणि त्याच वर्षी तिच्या देखभालीसाठी एक प्रतिष्ठानही स्थापन झाले.

११/
जन्मस्थानाची खूण या चौकटीच्या शब्दकोशातही सापडते. पानाच्या पत्त्यातील छोट्या नावाला जँगोत 'स्लग' म्हणतात. हा वृत्तपत्रसृष्टीतला शब्द. छपाईच्या जुन्या यंत्रात शिशाची अख्खी ओळ ओतली जाई, ती स्लग. पुढे बातमीच्या कामचलाऊ छोट्या नावालाही तोच शब्द लागला आणि तेथून तो जँगोत आला. नाण्यावरील टांकसाळीच्या खुणेवरून नाणे कोठे पाडले ते कळते, तसेच हे आहे.

१२/
आता शिकण्याकडे वळू. काहीतरी छोटे घडवून शिकावे, ही परंपरा संगणकाच्या जगात जुनी आहे. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ च्या सी भाषेवरील पुस्तकाने पडद्यावर अभिवादनाचे दोन शब्द उमटवण्याचा पाठ जगभर रूढ केला. १९८० मध्ये सीमोर पॅपर्ट यांनी 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात मुलांच्या शिक्षणासंबंधी मांडले, की मूल स्वतः काही घडवते आणि त्यातील चुका स्वतः शोधून सुधारते, तेव्हा ते खोलवर शिकते. २००५ मध्ये हॅन्सन यांनी रेल्सच्या साह्याने पंधरा मिनिटांत एक ब्लॉग उभा करून दाखवला. त्या चित्रफितीने अनेकांना या क्षेत्रात ओढले.

१३/
जँगोचा अधिकृत पाठ म्हणजे मतदानाचे एक छोटे संकेतस्थळ. त्यात दोन तक्ते असतात. पहिल्यात प्रश्न आणि तो प्रसिद्ध झाल्याची तारीख-वेळ. दुसऱ्यात पर्याय, प्रत्येक पर्यायाला मिळालेली मते आणि तो पर्याय कोणत्या प्रश्नाचा आहे, हे सांगणारा दुवा. एका प्रश्नाचे अनेक पर्याय. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

१४/
मी तो पाठ दोन संध्याकाळींत पूर्ण केला. सगळे चालले. आणि काहीच कळले नाही. सांगितले ते लिहिले, दाखवले ते दिसले. परीक्षेच्या आदल्या रात्री सनावळ्या पाठ केल्यासारखे ते झाले. म्हणून ठरवले, की आपल्या ओळखीच्या विषयावर काही उभारावे. मराठीच्या आरंभकाळाशी निगडित बारा कोरीव लेख निवडले. चार रकाने केले: लेखाचे नाव, ठिकाण, वाचन आणि दिनांक.

१५/
चौथ्या रकान्यातच घात झाला. जँगोत तारखेसाठी 'डेटफील्ड' नावाचा तयार प्रकार आहे. त्याला दिवस, महिना आणि वर्ष तिन्ही लागतात. आपण मुद्दाम मुभा दिली नाही, तर तो रिकामाही राहू देत नाही. वृत्तपत्राच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे, कारण तारीख नसलेली बातमी नसते. शिलालेखांचे मात्र उलट आहे. पूर्ण तारीख असलेला लेख मिळाला, तर अभ्यासकाला आनंद व्हावा, अशी परिस्थिती.

१६/
पहिला बळी गेला नाणेघाटाचा. जुन्नरजवळच्या त्या लेण्यातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेख सामान्यतः अक्षरवाटिकेवरून इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. पायथनची तारीख मात्र इसवी सन १ पासून सुरू होते. त्याआधीचे वर्ष ती स्वीकारतच नाही. मी थोडा वेळ झगडले आणि मग नाणेघाट यादीतून काढून टाकला. बाराचे अकरा झाले. तेव्हा मला यात काही वावगे वाटले नाही. आज वाटते: एका रकान्याच्या सोयीसाठी मी एक अख्खे साधन इतिहासाबाहेर ठेवले होते.

१७/
मग आली अक्षी. अलिबागजवळच्या या गावातील लेखात शिलाहार राजा केसिदेव याचे नाव आहे. काही अभ्यासक त्यातील शक ९३४ असा वाचतात, काही ११३२ असा. म्हणजे इसवी सन १०१२ की १२१०? जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे. गंमत म्हणजे उत्तर कोकणच्या शिलाहारांत केसिदेव नावाचे राजेही दोन झाले, एक अकराव्या शतकाच्या आरंभी आणि दुसरा तेराव्याच्या. त्यामुळे नुसत्या नावावरून हा वाद मिटत नाही.

१८/
शिवाय शक ९३४ हे वाचन मान्य केले, तरी ते वर्ष चैत्रात सुरू होऊन फाल्गुनात संपते. त्याचा मोठा भाग १०१२ मध्ये पडतो आणि अखेरचा १०१३ मध्ये. शकात ७८ मिळवावे की ७९, हे महिना व तिथीवर अवलंबून असते. हे सर्व मला ठाऊक होते. तरीही रकाना भरल्याशिवाय नोंद जतन होईना, म्हणून मी लिहिले: १ जानेवारी १०१२. तात्पुरते म्हणून. नंतर सुधारू म्हणून. शक ९३४ तर त्या दिवशी सुरूही झालेला नव्हता.

१९/
हे 'तात्पुरते' किती गंभीर आहे, ते श्रवणबेळगोळच्या संदर्भात समजते. बाहुबलीच्या मूर्तीच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळी आपण शाळेत वाचलेल्या असतात. एका ओळीत मूर्ती करवणाऱ्या चामुंडरायाचे नाव आहे. तो दहाव्या शतकाच्या अखेरीचा. दुसरीत गंगराजाचे, तो होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनानी, बाराव्या शतकाच्या आरंभीचा. पहिली ओळ चामुंडरायाच्या काळीच कोरली, की दोन्ही ओळी गंगराजाच्या वेळच्या, हा प्रश्न अभ्यासकांनी उपस्थित केला आहे.

२०/
आता दोन्ही वाद एकत्र पाहा. मराठीचा आद्य शिलालेख कोणता? श्रवणबेळगोळची पहिली ओळ दहाव्या शतकातली धरली, तर तो मान तिचा. ती बाराव्यातली आणि अक्षीचा शक ९३४ धरला, तर मान अक्षीचा. अक्षीचा शक ११३२ धरला, तर उत्तर पुन्हा बदलते. माझे संकेतस्थळ नोंदी तारखेनुसार लावत होते. यादीत वरचा क्रमांक कोणाचा, याचा निर्णय माझ्या चौथ्या रकान्याने परस्पर देऊन टाकला होता. तोही कोणताच वाद नसल्याच्या थाटात.

२१/
तारखेच्या या भानगडीचा आपल्या सर्वांच्या ओळखीचा एक दाखला देते. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक ६ जून १६७४. रायगडावर तेव्हा हेन्री ऑक्झिंडन हा इंग्रज वकील उपस्थित होता. इंग्रज त्या काळी जुने, म्हणजे जुलियन पंचांग पाळत. ६ जून ही तारीख त्या पंचांगातली आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. पायथन मात्र ग्रेगोरियन पंचांगच कितीही मागे ताणते.

२२/
त्यामुळे ६ जून १६७४ ला वार कोणता, असे पायथनला विचारले, तर उत्तर येते बुधवार. प्रत्यक्षात जुलियन ६ जूनला शनिवार होता. आणि जेधे शकावलीत वार आहे शुक्रवार, रात्र तीन घटका उरली असतानाचा! यात विसंगती नाही. आपला वार सूर्योदयाला बदलतो, युरोपीय वार मध्यरात्री. पहाटेपूर्वीचा तो क्षण पंचांगाने शुक्रवारचा आणि घड्याळाने शनिवारचा. शुक्रवार आणि शनिवार दोन्ही बरोबर आहेत. चूक फक्त बुधवार आहे.

२३/
दुसरा धक्का दिला स्लगने. लेखाच्या नावावरून पत्ता आपोआप तयार व्हावा, म्हणून जँगोची तयार सोय वापरली, तर हाती काहीच आले नाही. मूळ व्यवस्था फक्त रोमन अक्षरे ठेवते. देवनागरी सगळीच गळून गेली. मग कळले, की २०१५ च्या अखेरीस आलेल्या १.९ या आवृत्तीपासून इतर लिप्यांनाही परवानगी देता येते. ती दिली. पत्ता आला: 'अकष'.

२४/
अक्षीचे अकष, श्रवणबेळगोळचे 'शरवणबळगळ'. पायथनच्या नियमात 'अक्षर' म्हणजे स्वतंत्र वर्ण. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही वर्णाला जोडली जाणारी चिन्हे. ती त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून विरामचिन्हांबरोबर झाडली जातात. काना-मात्रेचाही फरक न करता, अशी आपल्याकडे बोलण्याची पद्धत आहे. येथे सगळे कानामात्रेच गेले. शेवटी मी पत्त्यात नावाऐवजी नोंदीचा क्रमांक वापरला.

२५/
आंतरजालावरील मराठीला असे प्रसंग नवे नाहीत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान होते, तरी पुढे कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र फॉन्ट वापरत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसेल, तर पानावर रोमन चिन्हांचा काला दिसे. आमच्या विभागातील एका जुन्या लेखसूचीची फाइल आजही अशीच उघडते. माहिती आहे, पण वाचता येत नाही. ज्या मोडीत आपले दफ्तर आहे, ती युनिकोडमध्ये २०१४ साली आली.

२६/
आता पुन्हा त्या १ जानेवारीकडे. चित्र पाहताच मी गटावर चूक कबूल केली. त्या विद्यार्थ्याने लगेच चित्र काढून टाकले. पण तोवर ते पुढे गेले होते. संध्याकाळी माझ्या आत्याने मला तेच पाठवले आणि खाली लिहिले: हे तुझ्या कामाचे आहे ना? चुकीचा मजकूर आपण कितीदा तरी इतरांच्या नावे ठेवतो. या वेळी तो माझ्या नावाचा होता आणि तो परत बोलावण्याची काही सोय नव्हती.

२७/
त्या रात्री मी मतदानाचा पाठ पुन्हा उघडला आणि प्रथमच तो समजला. एका प्रश्नाचे अनेक पर्याय, दोन वेगळे तक्ते. एका शिळेची अनेक वाचने, दोन वेगळे तक्ते! मी शिळा आणि तिचे वाचन एकाच ओळीत कोंबले होते. म्हणून तारीख एकच मावत होती. तारीख ही शिळेची मालमत्ता मुळी नव्हतीच. ती वाचकाची होती, अमुक अभ्यासकाने अमुक आधारावर ठरवलेली.

२८/
तेव्हा नवी रचना केली. शिळेच्या तक्त्यात ठिकाण, लिपी, भाषा आणि सद्यःस्थिती. वाचनाच्या तक्त्यात अभ्यासक, शिळेवरील कालोल्लेख जसाच्या तसा, 'या वर्षापासून' आणि 'या वर्षापर्यंत' असे दोन साधे अंक, आणि कालनिर्णयाचा आधार: कोरलेला शक, राजाचे नाव की अक्षरवाटिका. वर्षे साधे अंक असल्याने उणे संख्याही चालते. नाणेघाट परत आला. अक्षीखाली आता दोन वाचने शेजारी दिसतात. मतांचा रकाना मात्र पाठातून उचलला नाही. शिळेचा काळ बहुमताने ठरत नाही.

२९/
पुढे समजले, की ग्रंथपालांनी ही अडचण आपल्याआधीच ओळखली आहे. अंदाजे, संशयित किंवा अपूर्ण तारीख संगणकाला समजेल अशी कशी लिहावी, याची पद्धत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विकसित केली आणि २०१९ मध्ये ती तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाली. त्या पद्धतीत वर्षापुढे प्रश्नचिन्ह देता येते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे!

३०/
जँगोतील आणखी एक सोय मला विशेष भावली. तक्त्यांची रचना बदलली, की प्रत्येक बदलाची क्रमांकित फाइल तयार होते: ०००१, ०००२, ०००३. याला 'मायग्रेशन' म्हणतात. २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून ही सोय मूळ चौकटीतच आहे. माझ्या ०००१ मध्ये 'दिनांक' हा रकाना आहे आणि ०००४ मध्ये तो काढला आहे. या फाइली एकत्र करून मधले टप्पे पुसता येतात. मी पुसले नाहीत. अक्षीच्या पानावरही एक टीप ठेवली आहे: येथे पूर्वी दिलेली १ जानेवारी १०१२ ही तारीख निराधार होती.

३१/
या सगळ्यात जँगोचा दोष काढायचा नाही. रकाना रिकामा ठेवण्याची मुभा त्यात पहिल्यापासून आहे. मी ती मागितली नाही. साधन ज्या कामासाठी घडले, त्या कामाची गृहीतके त्यात राहतात, इतकेच. ब्रिटिशांच्या जनगणनेचा तक्ता वाचताना रकाने कोणी आखले आणि का, हे आपण विचारतो. स्वतः तक्ता आखताना तोच प्रश्न मी विसरले.

३२/
तुमच्यापैकी कोणाला असे काही शिकायचे असेल, तर अधिकृत पाठ एकदा जरूर करावा. मग तो बाजूला ठेवून आपल्या गावच्या विषयावर दहा-बारा नोंदींचे छोटे संकेतस्थळ उभारावे: वीरगळ, बारवा, जुन्या दिंड्या, काहीही. विषय असा घ्यावा, की चुकले तर आपल्याला टोचेल. पाठातले प्रश्न-पर्याय मला टोचले नाहीत, म्हणून कळले नाहीत. अक्षीची शिळा टोचली.

३३/
आणि कोठे रकाना भरताना 'तात्पुरते' काही लिहावेसे वाटले, तर हात थांबवावा. रिकामी जागा पाहून वाचक निदान विचारतो, ही रिकामी का? १ जानेवारी पाहून कोणीच काही विचारत नाही.

३४/
ते दिनविशेषाचे चित्र कोणाकडे आले असेल, तर पुढे पाठवू नये. आलेच, तर या धाग्याचा दुवा उत्तरादाखल द्यावा. अक्षीच्या दोन्ही वाचनांबद्दल अधिक माहिती असेल, तीही खाली जरूर लिहावी. वाचनाच्या तक्त्यात तिसऱ्या ओळीला जागा आहे. चुकभूल द्यावी घ्यावी. लेखनसीमा.